हलका उजवा पाय

कुशाबाला खेळाडूंचे चेहरे लक्षात राहत नसत. पोलीस संघातून खेळणारा भिका एकदा जुन्नरच्या बाजारात त्याच्या पाया पडला, तेव्हा कुशाबा अनोळखी माणसाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घालून भिकाच्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "मागचा पाय अजून घसरतो का रं?" भिका हसला. घसरत होता.

जुन्नरच्या कॉलेजात कुशाबा मैदानावरचा शिपाई होता. तीस वर्षं त्याने कबड्डीचं मैदान राखलं. माती चाळायची, दुपारी दोनला पाणी मारायचं, फक्कीने रेषा आखायच्या, सराव संपला की लाकडी फळी ओढून सगळं सपाट करायचं. फळी ओढण्याआधी मात्र तो अनवाणी, हात मागे बांधून, रेषेच्या कडेकडेने एक फेरी मारत असे. तेवढ्या वेळात कुणी मैदानात पाय ठेवलेला त्याला चालत नसे. ओल्या मातीवर तासाभराचा खेळ उमटलेला असे आणि तो त्याला वाचता येत असे.

चढाई करणाऱ्यांबद्दल तो काही बोलत नसे. "त्यो पाव्हणा," तो म्हणायचा. "येतो, शिवतो, जातो. त्याचे ठसे बी पाव्हण्यासारखे, घाईतले. पकड करणारा घरचा माणूस. कुठं उभा ऱ्हातो, किती येळ थांबतो, भ्याला की मागं सरकतो का बाजूला, समदं मातीत ऱ्हातं."

सुनील सर खेळाचे शिक्षक. विद्यापीठाच्या निवडीसाठी नावं पाठवायची वेळ आली की ते कुशाबाला विचारत, "यंदा कोण?" कुशाबा नाव सांगत नसे, कारण त्याला नावं माहीत नसत. "डाव्या अंगाला टोकाला जो असतो, अंगठा बाहेर फेकतो, तो," असं तो सांगायचा आणि तो कोण हे सर शोधून काढायचे. नाव, गाव, कुणाचा कोण, हे विचारायचं नाही असा त्याचा नेमच होता. "नाव कळलं की गाव कळतं. गाव कळलं की आडनाव. मग माती दिसत न्हाई," तो म्हणायचा. सरांना त्याची किंमत माहीत होती. त्या दिवसांत त्यांचा फोन सरपंचांपासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या शिफारशींनी वाजत असे.

सर आल्यापासून कुशाबाने सांगितलेल्या नऊ पोरांपैकी सात पुढे गेली. सूरज तर टीव्हीवरच्या लीगमध्ये दिसू लागला. तो दिसला त्या संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात कुशाबाला कुणी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. एकाने म्हटलं, "आमच्या बैलाचा ठसा बघा की राव. शर्यतीच्या घाटात पहिला येईल का?"

"बैलाला इचारा," कुशाबा म्हणाला. "त्याला जास्त ठाव आसंल."

सगळे हसले. राहिलेल्या दोघांबद्दल कुणी विचारलं नाही. त्यातला एक पुढे व्यापारात पडला. दुसरा रामदास.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. डाव्या कोपऱ्यात एक ठसा सापडायला लागला. डावी टाच बोटाच्या पेरभर रुतलेली आणि उजवा पाय नुसता टेकलेला, पाखरू बसून उडावं तसा. सगळा भार एका टाचेवर आणि दुसरा पाय झेपेला मोकळा. असा ठसा कुशाबाने तोवर बघितला नव्हता. तो रोज फेरी मारताना तिथे थांबायचा. शेवटी सरांना म्हणाला, "डाव्या कोपऱ्यातलं पोर पाठवा. ते टीव्हीत दिसंल." सरांनी पाठवलं. मोठ्या शिबिरात दुसऱ्याच दिवशी, एका साध्या पकडीत, रामदासचा उजवा गुडघा गेला.

सर परत आले आणि सामानाच्या खोलीत उभे राहून म्हणाले, "आधीपासूनच आतून फाटलेला होता म्हणे. तीन-चार महिने हा मुलगा एका पायावर खेळत होता. कुणाला कळू दिलं नाही."

 त्या दिवशी कुशाबाने मैदानावर फळी दोनदा फिरवली.

रामदास कॉलेजात परत आला नाही. सर एकदा त्याच्या घरी जाऊन आले. कुशाबा गेला नाही. एक ऑपरेशन झालं, दुसरं करायला हवं होतं, एवढं त्याच्या कानावर आलं आणि ते झालं का हे त्याने विचारलं नाही. दर वर्षी तो नाव सांगत राहिला. पण तो ठसा आता मैदानाबाहेरही दिसू लागला. स्टँडच्या चिखलात. ओढ्याच्या काठी. शनिवारी तो पेठला घरी जायचा, तेव्हा बायकोने सारवलेल्या अंगणात. एक पाऊल खोल, एक हलकं. जवळ गेलं की ते कुणाचं तरी साधं पाऊल निघायचं. तरी तो तिथे उभा राहायचा.

"तुमचा पाय दुखतोय का?" त्याच्या बायकोने, प्रयागबाईने, एकदा विचारलं.

"न्हाई."

"मग असं का चालता? डाव्यावर भार देऊन?"

"न्हाई चालत."

"मी काय आंधळी हाय व्हय? दोन वर्सं झाली बघतीय." तिने सुपातले खडे वेचणं थांबवलं नाही. "मढला एकदा जाऊन या. त्या पोराच्या घरी. जाऊन या म्हंजे आमी तरी सुटू."

तो गेला नाही. जुन्नरहून मढची बस दिवसातून चार-पाचदा सुटते. ती त्याच्या राहत्या खोलीसमोरून जात असे. तिची पाटी वाचायची नाही असं त्याने ठरवलं नव्हतं, पण तो वाचत नसे.

यंदा दसरा झाल्यावर ऊन कडक पडलं. कुशाबाने नेहमीप्रमाणे दोनला पाणी मारलं, सामानाच्या खोलीच्या पायरीवर भाकरी खाल्ली, तिथेच डोळा लागला. चारला उठून बघतो तर डाव्या कोपऱ्यात ठसा. डावी टाच खोल. उजवा पाय टेकलेला. आजूबाजूला सगळी माती कोरी, ऊन टळटळीत, लेक्चर चालू असल्याने आवारात चिटपाखरू नाही. समोर चढाई करणारा कुणी नव्हता, बाजूला साखळी धरणारं कुणी नव्हतं. एकटाच कुणीतरी कुणाची तरी वाट बघत उभा राहून गेला होता.

त्याने बोट घालून खोली मोजली. पेरभर. मग घाईघाईने फळी ओढली, मुलं यायच्या आत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की पंजा लहान आहे. हे लगेच ध्यानात यायला हवं होतं. पण त्याने आधी असा विचार केला की पाय आखडला असेल, दुखण्याने माणूस आखडतो. असा विचार आपण केला याचीच मग त्याला भीती वाटली. चौथ्या दिवशी तो झोपला नाही. खोलीत शिरून दार किलकिलं करून बसला.

अडीचच्या सुमाराला एक मुलगी आली. वसतिगृहातल्या मुली घालतात तसला निळा ट्रॅकसूट, हातात चपला. चपला रेषेबाहेर ठेवून ती डाव्या कोपऱ्यात उभी राहिली आणि तशीच राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. समोर कुणी नसताना इतका वेळ न हलता उभं राहिलेलं माणूस कुशाबाने बघितलं नव्हतं. मग एकदम ती खाली झेपावली, हवेतला घोटा धरून मातीवर पडली, उठली आणि पुन्हा जागेवर गेली. मुलींना मैदान आठवड्यातून दोनच सकाळी मिळत असे. ती हे तास चोरत होती. कुशाबा मात्र तिचा उजवा पाय बघत होता. त्या पायावर भार नव्हता.

संध्याकाळी सर म्हणाले, "मुलींमध्ये यंदा डाव्या कोपऱ्याला एकच जागा आहे. आरती माझ्या डोक्यात आहे. शेवटचं वर्ष तिचं. एकदा विद्यापीठाकडून खेळली की पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून बसू शकते. नाहीतर मे महिन्यात घरी. तुम्ही बघितलंय का तिला?"

"दुपारी येती ती?"

"दुपारी कुठे येते?"

कुशाबाने ते तिथेच सोडलं. "डाव्या कोपऱ्यातली. तिला नका पाठवू."

"का?"

"उजवा गुडघा."

 या बाबतीत सरही पोळलेले होते. ते म्हणाले, "शुक्रवारी यादी द्यायची आहे. उद्या डॉक्टरांना दाखवतो."

डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून बघितला आणि तंदुरुस्त असल्याचा कागद दिला. सरांनी तो कुशाबाला दाखवला.

"असाच कागद त्यालाबी मिळाला व्हता," कुशाबा म्हणाला. सरांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या जागी दुसरी मुलगी कोण, याचा विचार सुरू केला.

बुधवारी दुपारी आरती सामानाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"कुशाबा काका, माझा गुडघा गेलाय म्हणून तुमी सरांना सांगितलं?"

"मी न्हाई सांगत. माती सांगती."

"मग माती खोटं बोलती."

ती मैदानात गेली, डावा पाय मुडपून उजव्या पायावर लंगडी घालत तिने तीन फेऱ्या मारल्या आणि धापा टाकत परत आली. "बघितलं?"

कुशाबा जमिनीकडे बघत होता. "आज धरला. पर उभी ऱ्हाताना त्यो पाय चोरतीस तू."

"चोरत न्हाई. कोपऱ्यात असंच उभं ऱ्हायचं असतं. दादानं शिकवलंय."

"कंचा दादा?"

तीस वर्षांत त्याने असा प्रश्न पहिल्यांदा विचारला.

"रामदास. तुमच्याच मैदानावर खेळायचा की." ती त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. "तुमाला ठाव नव्हतं? मला वाटलं, म्हणूनच माझं नाव कापलं."

गुरुवारी सकाळी कुशाबा मढच्या बसमध्ये बसला. गणेश खिंडीतून बस वर चढली, तिकडे पलीकडे धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि तो खिडकीतून बघत राहिला, पण त्याला काही दिसत होतं असं नाही. विचारत विचारत तो घरी पोचला तेव्हा खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. रामदासची आई, सखूबाई, पेंढ्या आपटत होती. रामदास उभा राहून सुपाने भात वारवत होता. उभा होता तो डाव्या पायावर.

"या काका," तो म्हणाला. "सहा वर्सं लागली की राव. कंच्या गाडीनं आला?"

कुशाबाला हसता आलं नाही. सखूबाई हात पुसून कोरा चहा ठेवायला आत गेली. दोघं खळ्याच्या कडेला बसले. रामदासला बसताना उजवा पाय हाताने उचलून पुढे ठेवावा लागला.

"तिला तसं उभं ऱ्हायला तू शिकवलं?"

"मला दुसरं कुठं येतंय?" रामदास म्हणाला. "हितंच शिकवायचो, या खळ्यावर. मी काठी घिऊन चढाई करायचो. काठी तिच्या घोट्यावर यायची, तिनं धरायची. कसं उभं ऱ्हायचं ते दाखवताना मी असा उभा, एका पायावर. ती बघून तशीच उभी. म्हटलं नीट शिकली की सांगू, बाई दोनी पाय सारखे ठिव. पर ती तशीच लई भारी धरायला लागली. मग बोललोच न्हाई."

"तुझा गुडघा तवाच गेलता. मला वळखायला पायजे व्हतं."

"कसं वळखणार? मी लपवत व्हतो ना. पट्टी बांधून यायचो आतनं. तुमची फेरी चालू झाली की मी हातपाय धुवायच्या नळामागं उभा राहून बघायचो. तुमी माझ्या कोपऱ्यात थांबला की मला वाटायचं, गावलो. आन तुमी पुढं जायचा."

कुशाबाने खळ्यावरचे दोन-चार दाणे उचलून हातात धरले. "मी इचारलं न्हाई तुला."

"इचारलं असतं तरी मी न्हाईच म्हणालो असतो."

आत भांड्याचा आवाज झाला. रामदास थोडा वेळ गुडघा चोळत राहिला.

"पर इचारायला पायजे व्हतं, काका. खोटं बोलायचं तर निदान कुणाच्या तोंडावर तरी बोललो असतो."

कुशाबाने हातातले दाणे परत खळ्यावर ठेवले.  चहा आला. तो पिऊन झाल्यावर कुशाबा म्हणाला, "तिचा दुखतो का?"

"मला न्हाई म्हणती."

"तुला काय वाटतं?"

"मी बी आईला न्हाईच म्हणायचो," रामदास म्हणाला आणि सूप घेऊन उठला. उठताना त्याने आधार कुशाबाच्या हाताचा घेतला नाही, खळ्यातल्या खांबाचा घेतला.

शुक्रवारी सकाळी मुलींचा सराव होता. कुशाबा सरळ मैदानात गेला, सराव चालू असताना, चपला न काढता. मुली थांबल्या. तो आरतीसमोर उभा राहिला आणि त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं.

"दुखतंय का?"

"न्हाई."

तो बघत राहिला. रुंद कपाळ, नाकावर माती, डोळे त्याच्यावर लावलेले. भावासारखी दिसत होती का? रामदासचा त्या वेळचा चेहरा आठवायचा त्याने प्रयत्न केला आणि त्याला आठवेना. चेहऱ्यावर काय लिहिलेलं असतं हे वाचायला तो कधी शिकलाच नव्हता.

"पुढं कधी दुखलं तर सांगशील?"

"तुमाला?"

"मला. सरांना. कुणालाबी."

"सांगितलं तर काढतील का संघातनं?"

"व्हय. काढतील."

ती हसली. "मग कशाला सांगू?"

मागच्या मुलीही हसल्या. कुशाबा तिथेच उभा होता. ती आत्ता खरं बोलली एवढं त्याला कळलं. गेल्या चार दिवसांत याहून जास्त काही त्याला कळलं नव्हतं आणि यादी दुपारी जाणार होती.

"दोनी पाय सारखे ठेवून बघ की जरा," तो म्हणाला.

तिने ठेवले. समोरच्या मुलीने चढाई केली, आरतीचा हात उशिरा पोचला. पुन्हा केली, पुन्हा उशिरा. तिसऱ्या वेळी तिने न सांगता डावी टाच रोवली, उजवा पाय हलका केला आणि घोटा असा धरला की समोरची मुलगी जागच्या जागी बसली.

कुशाबा सरांच्या खोलीत गेला. "आरतीचं नाव घाला."

"परवा तर नको म्हणालात."

"परवाचं चुकलं."

"गुडघा नक्की ठीक आहे?" सरांनी पेन उघडलं नव्हतं. "कुशाबा, मला परत एकदा तसं बघायचं नाही. नक्की सांगा."

"नक्की ठाव न्हाई. लिवा."

सरांनी पेन उघडलं. मग त्यांनी लिहिलं. निवडीला आपल्यालाही यायचं आहे, असं कुशाबा म्हणाला. तीस वर्षांत तो कुठल्याच निवडीला गेला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी पुण्यात निवड होती, मॅटवर. निळी, कोरडी, तिच्यावर शंभर मुली नाचल्या तरी काही उरत नव्हतं. कुशाबा भिंतीला टेकून बसला. त्याला तिथे आंधळ्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या सामन्यात आरतीने डाव्या कोपऱ्यातून एका दणकट मुलीचा घोटा धरला. ती मुलगी ओढत निघाली, बाकीच्या सहाजणी तिच्यावर कोसळल्या आणि सगळ्यांचा एक ढीग झाला. काहीतरी वाजलं. मॅटवर तळवा आपटला असेल. कुशाबा उठून उभा राहिला. शिट्टी झाली. ढिगातून एकेक मुलगी सुटत गेली आणि सगळ्यात शेवटी आरती उठली. कुठल्या पायावर भार देऊन उठली हे त्याला बघायचं होतं, पण नेमक्या मध्ये बाकीच्या मुली उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या तोवर ती आपल्या जागेवर जाऊन उभीही राहिली होती.

संध्याकाळी भिंतीवर लावलेल्या यादीत तिचं नाव होतं. तिने ते मोबाईलवर टिपून घरी पाठवलं. थोड्या वेळाने रामदासचा फोन आला. ती लांब जाऊन बोलली. परत आल्यावर कुशाबाला म्हणाली, "दादा इचारत व्हता, कुशाबा काका काय म्हणले."

"मग?"

"म्हटलं, काय न्हाई म्हणले. गप बसलेत."

परतीच्या जीपमध्ये ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. खेडच्या पुढे त्याने विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई, काका," ती म्हणाली आणि थोड्याच वेळात झोपली. झोपेत तिचा हात उजव्या गुडघ्यावर होता. हात कुठेतरी असतोच. कुशाबा त्या हाताकडे बघत राहिला. तो हात दाबतोय की नुसता पडलाय, बोटं आखडलीत की सैल आहेत, हे त्याने गाडी हादरेल तसं पुन्हा पुन्हा बघितलं.

पेठ आलं. सर पुढून म्हणाले, "कुशाबा, उतरा की. उद्या शनिवार, सुट्टीच आहे तुम्हाला."

"नको," कुशाबा म्हणाला. "जुन्नरला येतो."

गाडी पुढे निघाली. तिला जाग आली की त्याला पुन्हा विचारायचं होतं.